शनिवारची बैठक आणि सरकारी हप्ता

पत्र

ताई, मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते. माझा धाकटा मुलगा तीन वर्षं एमडी, म्हणजे मेफेड्रोनची नशा, घेत होता. आता चौदा महिने झाले, क्लीन आहे. त्याच्यामागे धावताना मला कळलं की आमच्याच आजूबाजूच्या बिल्डिंगांत अशी सात-आठ घरं आहेत. गेल्या दिवाळीपासून आम्ही काही बायका आणि पाच मुलं दर शनिवारी संध्याकाळी गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत बसतो, बोलतो. प्रत्येकी वीस रुपये काढून चहा करतो. आता एक गृहस्थ आले आहेत. म्हणतात, सरकारकडे व्यसनमुक्तीचा भरपूर पैसा आहे, पंचवीस लाखांचं अनुदान आणून देतो. ट्रस्ट त्यांच्याकडे तयार आहे. आधी साठ हजार द्यायचे आणि नंतर मिळेल त्याचे पंधरा टक्के. आमच्यातल्या निम्म्या जणी तयार आहेत, माझा मुलगा नको म्हणतो. सरकारचा पैसा घ्यावा का? घेतला तर पोरांची नावं पोलिसांकडे जातील का?

ता. क. – आमच्यातला एक मुलगा मागच्या महिन्यात पुन्हा घसरला. ते गृहस्थ म्हणतात, तपासणीला माणसं येतील तेव्हा असली मुलं दिसता कामा नयेत. त्याला येऊ नको म्हणून सांगायचं का?

– एक आई, विक्रोळी

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी मुलाचं ऐका. साठ हजार देऊ नका, साठ रुपयेसुद्धा देऊ नका.

व्यसनमुक्तीच्या कामाचं केंद्राचं अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाकडून मिळतं. त्याचा अर्ज ‘ई-अनुदान’ या पोर्टलवर संस्थेने स्वतः भरायचा असतो. मध्ये कुणी बसावं अशी त्यात जागाच नाही. शिवाय त्या गृहस्थांचा पंधरा टक्क्यांचा हिशेब तुम्ही कुठल्या रकान्यात लिहिणार? वर्ष संपलं की प्रत्येक संस्थेला उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. जीएफआर १२-अ नावाचा नमुना आहे. मिळालेला पैसा ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामावर खर्च झाला, असं त्यात लिहून खाली सह्या करायच्या असतात. दलालाचे पावणेचार लाख त्या कागदात बसवायचे तर गाद्यांची खोटी बिलं लागतील, न झालेल्या शिबिरांची बिलं लागतील, न आलेल्या पेशंटची हजेरी लागेल. आणि उद्या चौकशी लागली की गृहस्थ सापडणार नाहीत, सह्या करणाऱ्या बायका सापडतील. दुसऱ्याच्या ट्रस्टच्या नावावर आपलं काम चढवणं म्हणजे आपलं लेकरू दुसऱ्याच्या रेशनकार्डावर लावण्यासारखं आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. मुंबईतल्या एका व्यसनमुक्ती संस्थेत मी बावीस वर्षं हिशेब लिहिले. असे कागद माझ्या हातून गेले आहेत, आणि असे गृहस्थही माझ्या टेबलासमोर बसून गेले आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न. सरकारचा पैसा घ्यावा का? घ्यावा, आणि मान ताठ ठेवून घ्यावा. ती भीक नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात त्यात, कलम ७-अ आहे. त्याखाली एक राष्ट्रीय निधी आहे. या धंद्यातल्या लोकांची जी मालमत्ता सरकारजमा होते, तिच्या विक्रीचा पैसा या निधीत जातो, आणि व्यसनींचे उपचार, पुनर्वसन हे त्या निधीचं एक ठरलेलं काम आहे. हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरच थांबले होते. ज्यांनी आपली पोरं पोखरली त्यांच्या घरादाराच्या पैशावर आपल्या पोरांचा हक्क आहे, असं कायदाच म्हणतो.

मोठा पैसा मात्र अर्थसंकल्पातून येतो. २०१८ साली केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा आखला आणि त्याखाली निरनिराळ्या कामांना अनुदान ठेवलं. दाखल करून उपचार देणारी पुनर्वसन केंद्रं हा त्यातला जुना आणि सगळ्यांना माहीत असलेला प्रकार. तुमच्या कामाच्या जवळ जाणारे दोन प्रकार वेगळे आहेत. एकात वस्तीतल्याच मुलांना तयार करून त्यांनी आपल्या वयाच्या मुलांमध्ये काम करायचं असतं. दुसऱ्यात नशा करणाऱ्याला कधीही येऊन बसता येईल अशी जागा चालवायची, तिथे समुपदेशक ठेवायचा, वस्तीत फिरायचं आणि गरज असेल त्याला दवाखान्यापर्यंत पोचवायचं. वाचताना वाटतं, हे तर आपण करतोच.

पण हे अनुदान संस्थेला मिळतं, माणसांना मिळत नाही. संस्था नोंदलेली हवी आणि नोंदणीला तीन वर्षं झालेली हवीत. तपासलेले हिशेब हवेत, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नाव हवं, राज्याकडून पाहणी आणि शिफारस हवी. अटी बदलत असतात, म्हणून भरायच्या दिवशी पोर्टलवर जे लिहिलेलं असेल तेच प्रमाण माना. तुमच्या बैठकीला अजून वर्षही झालेलं नाही. म्हणजे आज तुम्ही रांगेत उभ्याच राहू शकत नाही, आणि नेमकं हेच हेरून तो गृहस्थ तयार ट्रस्ट घेऊन आला आहे.

समजा, तीन-चार वर्षांनी अनुदान मिळालं. तेव्हा काय होतं तेही सांगते, कारण हे कुणी सांगत नाही.

आमच्याकडे एक पोरगा होता. स्वतः गर्दमधून, म्हणजे ब्राउन शुगरमधून, बाहेर आलेला. रे रोड ते कॉटन ग्रीन रुळांच्या कडेने फिरायचा. खांद्याला झोळी, झोळीत मलमपट्टीचं सामान, ओआरएसची पाकिटं, ग्लुकोजची बिस्किटं. पुलाखालची पोरं गुरुवारी त्याची वाट बघायची. कुणाच्या पायाची जखम चिघळली, कुणाला टर्की लागली, म्हणजे नशा न मिळाल्याने अंग मोडून आलं, कुणाला फक्त घरी फोन करायचा आहे, सगळं त्याच्यापाशी. त्याचा पगार अनुदानातून निघायचा. एका वर्षी हप्ता अडला. कागद पूर्ण होते, पाहणी झाली होती, तरी अकरा महिने पैसा आला नाही. चार महिने आम्ही वर्गणी काढून त्याला अर्धा पगार दिला. पाचव्या महिन्यात त्याने एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली. त्याला बायको होती, दोन मुलं होती, मी कोणत्या तोंडाने थांब म्हणणार होते? हप्ता आला तेव्हा आम्ही नवा माणूस नेमला. कागदावरची जागा भरली. पुलाखालच्या पोरांनी मात्र त्याला जवळ केलं नाही, आणि त्यातली दोन पोरं त्या अकरा महिन्यांत गेली.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. जे फक्त सरकारच देऊ शकतं ते सरकारकडून घ्या. डॉक्टर, औषधं, रुग्णालयातली खाट, समुपदेशक, बसायला खोली. शनिवारची बैठक मात्र कुणाच्या हप्त्यावर टांगू नका. चहा वीस रुपयांचाच राहू दे. नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या नशा सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या गटांच्या मीटिंगा मुंबईत कित्येक दशकं चालल्या आहेत. बाहेरचा पैसा घ्यायचा नाही हा त्यांचा पक्का नियम आहे, आलेल्यांमध्ये झोळी फिरते तेवढ्यावर भागवतात. तुम्ही इतकं कडक व्हायला हवं असं नाही. पण शनिवारी कुणाचा पैसा नसतानाही दार उघडतं, हे तुमच्याकडचं सगळ्यात मोठं भांडवल आहे.

त्याची किंमत तुम्हाला कदाचित कळलेली नाही. गर्द घेणाऱ्यासाठी बदली औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी केंद्रावर, नर्ससमोर, जिभेखाली ठेवायची. शहरात मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेमार्फत सुईने नशा टोचून घेणाऱ्यांसाठी हे काम चालतं. एमडीच्या जागी देता येईल अशी गोळी मात्र नाही. डॉक्टर झोपेवर, भासांवर, नैराश्यावर उपचार करतात, आणि ते फार गरजेचे असतात. पण तलफ रात्री साडेअकराला येते, तेव्हा ओपीडी बंद असते. तेव्हा कुणाला तरी फोन लागावा लागतो. तुमच्या मुलाचे चौदा महिने कसे गेले ते त्याला विचारा. त्यातल्या किती रात्री कुणा ना कुणाच्या फोनवर निघाल्या ते तो सांगेल.

केंद्र सरकारसाठी एम्सने देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल २०१९ साली आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो, असं त्यात निघालं. बाकीचे ३७ कुठे असतात? घरात. आणि घरात त्यांच्या आया असतात. माझा थोरला भाऊ लालबागच्या आमच्या चाळीत गर्दवर होता. १९८२ च्या गिरणी संपानंतरची ती वर्षं. आई संध्याकाळी तांब्या-पितळेची भांडी मोजायची. एक कमी भरलं की काही न बोलता पुन्हा पहिल्यापासून मोजायची. शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणायची, तो गावी गेलाय. १९८७ साली तो गेला तोपर्यंत ती हे एकाही बाईशी बोलली नव्हती. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं होतं, आम्हाला ते फार उशिरा कळलं. तिथे पुढे व्यसनींच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट निघाला. माझ्या आईला तशी एक सतरंजी मिळाली असती तर भाऊ वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. पण तिने ती भांडी एकटीने मोजली नसती.

तर आता काय करायचं ते सांगते.

सायनचं टिळक रुग्णालय तुम्हाला स्लो लोकलने चार स्टेशनांवर आहे. तिथल्या मानसोपचार ओपीडीत जा. एखादी आई मुलाला घेऊन एकटी जाते आणि रांग बघून परत येते, म्हणून दोघी-तिघींनी मिळून जा. केसपेपर काढायला एक जण, मुलापाशी एक जण. तिथल्या समाजसेविकेला भेटून तुमच्या बैठकीविषयी सांगा. ती डिस्चार्ज झालेल्या मुलांना तुमचा पत्ता देईल, तुम्ही तिच्याकडे नवी मुलं न्याल. ही ओळख पंचवीस लाखांहून जास्त उपयोगाची आहे. केईएम आणि नायरमध्येही अशी सोय आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा फुकट नंबर आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६. दोन्ही मोठ्या अक्षरात लिहून खोलीच्या भिंतीवर लावा.

खोलीसाठी भांडुपला एस वॉर्डच्या ऑफिसात अर्ज द्या. महापालिकेच्या शाळेतला एक वर्ग शनिवारी दोन तास मागा. मंडळाची खोली भाद्रपदात हातची जाईल, तेव्हा हे कामाला येईल. तसाच एक अर्ज चेंबूरला समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे आणि त्याची प्रत वांद्र्याला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांकडे. नशामुक्त भारत अभियान २०२० पासून चालू आहे, त्यात जिल्ह्याची समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली चालते. पैसे मागू नका. महिन्यातून एक शनिवार प्रशिक्षित समुपदेशक पाठवा, एवढंच मागा. पोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नका, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. अर्ज हलतो तो माणूस समोर उभा राहिल्यावर.

अनुदान घेणाऱ्या एखाद्या जुन्या संस्थेशीही जोडून घेता येईल. त्यांच्याकडे नोंदणी आणि ऑडिट आहे, तुमच्याकडे वस्ती आहे. त्यांचा कार्यकर्ता तुमच्याकडे येऊ दे. फक्त दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेलं आहे का, आणि तिथे मुलांना मारतात का, बांधून ठेवतात का. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं आणि माणसाला साखळीने बांधायला त्यात सक्त मनाई आहे. आणि पेशंट पाठवल्याबद्दल कुणी पाकीट पुढे केलं तर हात मागे. एकदा घेतलं की तुमच्या शब्दावर कुठलीच आई विश्वास ठेवणार नाही.

नोंदणीचा विचार पुढच्या वर्षी करा. सात जणांची संस्था होते, ती सोसायटी म्हणून नोंदते आणि धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही. पण आजच एक लांब वही आणा, बांधणीची. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. दूध, साखर, चहापत्ती, सतरंजी धुवायचे पैसे. प्रत्येक शनिवारी दोघींच्या सह्या. मी हिशेबातली बाई, मला हे फार मोठं वाटतं. पण तीन-चार वर्षांनी तपासायला येणारा माणूस पहिल्यांदा ती वहीच मागेल, आणि मागच्या वर्षांच्या वह्या एका रात्रीत लिहिलेल्या असल्या तर आमच्या नजरेतून सुटत नाहीत. शाई एकसारखी दिसते.

पोलिसांचं. सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतला म्हणून नाव पोलिसांकडे जात नाही. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. उलट एनडीपीएसचं कलम ६४-अ सांगतं की फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेता येतं. एमडीचं अल्प प्रमाण म्हणजे दोन ग्रॅम. आणि हे संरक्षण विकणाऱ्याला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण स्वतःची सोय व्हावी म्हणून मित्रांना पुड्या पोचवणारी मुलं तुमच्यात असतील, आणि त्यांच्या आयांना वाटत असतं की आपला मुलगा फक्त घेतो. अशा मुलासाठी आधी वकील गाठा, पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा.

तुमच्या बैठकीत सध्या नावांची यादी ठेवूच नका. आकडा पुरे: आज बायका नऊ, मुलं चार. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचा फोटो नको, ‘अभिनंदन, सहा महिने पूर्ण’ असला मेसेजही नको. पुढे अनुदान आलं तर लाभार्थींची नोंद ठेवावीच लागेल. तेव्हा एकेका मुलाला विचारून, त्याच्या संमतीने.

आता तुमचा ता. क. तो वाचून मला त्या गृहस्थांचा खरा राग आला.

घसरलेल्या मुलाला येऊ नको म्हणू नका. तो पुन्हा घसरला म्हणजे बैठक फुकट गेली असं अजिबात नाही. या आजारात घसरणं धरूनच चालावं लागतं, ते कुठलाही डॉक्टर सांगेल. तपासणीला येणाऱ्या जाणत्या माणसाला तो दिसला तर तो उलट विचारेल, घसरल्यावर याच्यासाठी तुम्ही काय केलंत? तुमचा कागद तिथे बळकट होतो. आणि ज्या बैठकीत फक्त क्लीन मुलं बसू शकतात, तिथे बाकीची मुलं खोटं बोलायला शिकतील.

नियम एकच करा: त्या वेळी नशेत असेल तर आत बसायचं नाही. बाहेर पायरीवर बसायचं आणि त्याच्यासोबत आपल्यातलं एक जण बसेल. तुमचा मुलगा बसेल का, विचारून बघा. चौदा महिन्यांपूर्वीचं त्याला आठवत असेल.

घसरलेल्या त्या मुलाची आईही आता यायची थांबली असेल, लाजेने. शुक्रवारी तिला फोन करा. मुलाचा विषय काढू नका. म्हणा, उद्या चहाला दूध कमी पडतंय, येताना अर्धा लिटर घेऊन या.